तिसरा आठवडा

वर्ध्यात जन्माला येण्याचा एक मोठा तोटा आहे. इथे माणसाला निवांतपणे स्वार्थी होता येत नाही. पुण्याचा माणूस दुपारी एक ते चार दार लावून झोपतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो. मुंबईच्या माणसाला शेजारी कोण राहतं हे पोस्टमननं चुकून त्याचं पत्र आपल्याकडे टाकलं तरच कळतं, आणि त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवत नाही. आमचं तसं नाही. नागपूरच्या रस्त्यानं फिरायला निघावं, तर थोड्याच अंतरावर दत्तपूरचं कुष्ठधाम लागतं. तिथे मान फिरवून पुढे जावं, तर धाम नदी आणि नदीकाठी विनोबांचा पवनारचा आश्रम. बरं, दुसऱ्या रस्त्यानं जावं, तर आठ किलोमीटरवर सेवाग्राम. कुठेच जायचं नाही, गावातच बसायचं म्हटलं, तर लक्ष्मीनारायणाचं देऊळ समोर उभं. हे देऊळ जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांना खुलं केलं. या सगळ्याला कंटाळून घरी यावं आणि चहाबरोबर गोरसपाक खावा, तर तोही गोसेवेच्या कामातून निघालेल्या गोरस भांडाराचा! ज्या गावात बिस्किटालासुद्धा तत्त्व आहे, त्या गावात माझ्यासारख्यानं करायचं काय?

सांगायचा मुद्दा असा, की आमच्या गावात परोपकाराचा विषय टाळता येत नाही. आणि विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. एखाद्यावर संकट आलं, तर त्याच्यासाठी देवाची प्रार्थना करावी की त्याच्या घरचं पाणी भरावं? या प्रश्नावर जगात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, "आपण कोण करणारे? कर्ता करविता तो!" आणि डोळे मिटतो. दुसरा म्हणतो, "देवबिव झूट आहे, माणसानं माणसाला मदत केली पाहिजे!" आणि हे वाक्य बोलून झालं की तोही डोळे मिटतो, कारण तोवर जेवणं झालेली असतात. मी स्वतः पहिल्या पक्षाचा जुना सभासद. प्रार्थनेला पैसे पडत नाहीत, उन्हात जावं लागत नाही आणि आमच्या वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं अनुभवलं आहे त्याला या दुसऱ्या कारणाचं वजन सांगायला नको.

माझ्या या सभासदत्वाला धक्का बसला तो समोरच्या गुरुजींमुळे.

आमच्या घरासमोर गुरुजी राहतात. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलं आहे आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या बापांना. मी बापांच्या वर्गातला. गुरुजींचा एक मोठा गुण, किंवा आम्ही तेव्हा समजत असू त्याप्रमाणे अवगुण, म्हणजे वेळ. दहा वाजून एक मिनिटानं वर्गात शिरणाऱ्या मुलाला ते मारत नसत. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "उशीर." एवढाच शब्द. त्यापेक्षा छडी बरी वाटे. असे हे गुरुजी एक दिवस पहाटे दात घासता घासता मोरीत कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यभर ज्यांनी वर्ग गाजवला, त्यांना "पाणी" म्हणता येईना. मुलगा अमेरिकेत. तो आला, पंधरा दिवस राहिला, रडला, पैशांची व्यवस्था करून परत गेला. मागे राहिल्या काकू, पंचाहत्तरीच्या, वजनानं साधारण गुरुजींच्या निम्म्या.

बातमी कळताच मी तातडीनं हालचाल केली. म्हणजे देवघरात गेलो. पळी-पंचपात्र घेऊन संकल्प सोडला, की गुरुजींसाठी रोज अकरा रामरक्षा, एकवीस दिवस. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. तेवढ्यात देवानं काय ते उरकावं असा हिशेब. गल्लीच्या मोबाइल गटावर मी हे जाहीरही केलं. लगेच तेहतीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं चुकून केकचं पाठवलं. मला फार बरं वाटलं. एवढ्या लोकांचं पाठबळ असल्यावर गुरुजी काय, अख्खी गल्ली बरी होईल.

मी हिला मोठ्या उत्साहानं आकडा सांगायला गेलो, तर ही घरात नव्हती. समोर गेली होती. रात्री परत आली तेव्हा हिच्या अंगाला डेटॉलचा वास येत होता.

"कुठे होतीस?"

"काकूंना एकटीला कूस बदलता येत नव्हती त्यांची. चादर बदलली, भांडं दिलं. तुम्ही काय केलंत?"

"अकरा रामरक्षा," मी म्हणालो.

"छान," ही म्हणाली. बायकोच्या तोंडून निघणाऱ्या "छान" या शब्दाचे अर्थ शब्दकोशात मिळत नाहीत.

मी गप्प बसणारा नव्हे. माझ्याजवळ विनोबांचा आधार होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांची जोडी उभी केली. लक्ष्मण रामाच्या जवळ राहून हातापायांनी सेवा करणारा, म्हणजे सगुण भक्तीचा. भरत दूर राहून मनानं जवळ असणारा, म्हणजे निर्गुण भक्तीचा. दोघंही थोर. पुढे पवनारला शेत खणताना मातीतून एक जुनं शिल्प निघालं, ते विनोबांनी राम आणि भरत यांच्या भेटीचं मानलं. आज ते आश्रमात पूजेला आहे. हा सगळा इतिहास मी हिला सांगितला आणि शेवटी नम्रपणे म्हणालो, "आपल्या घरात तू लक्ष्मण आहेस. मी भरत."

ही पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "भरतानं चौदा वर्षं राज्य सांभाळलं. काल तुम्हाला चौदा मिनिटं दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

दूध उतू गेलं होतं, हे खरं आहे. पण हा काही तात्त्विक युक्तिवाद नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका मित्राकडे दाद मागायला गेलो. हा मित्र नास्तिक आहे. त्याच्याशी वाद घातला की माझी श्रद्धा नेहमी पक्की होते. चहाच्या टपरीवर आमची दीड तास जुंपली. तो म्हणाला, "तुझ्या रामरक्षेनं मेंदूतली गुठळी विरघळते का?" मी म्हणालो, "तुझ्या शंकेनं तरी विरघळते का?" त्यानं विज्ञान काढलं, मी अनुभव काढला. त्यानं चार्वाक काढला, मी ज्ञानेश्वर काढले. शेवटी टपरीवाल्यानं बिल काढलं. घरी येतो तर कळलं, या दीड तासात ही काकूंना घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेली होती आणि व्यायामोपचाराची वेळ ठरवून आली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा. बरोबर जायला एक पुरुष माणूस लागणार होता. तो पुरुष कोण, हेही ठरवून आली होती.

पहिल्या आठवड्यातला मी तुम्ही पाहायला हवा होतात. काय तो माझा उत्साह! साडेनवाला मी समोर हजर. रिक्षावाला आणि मी मिळून गुरुजींना उचलून आत बसवायचो. वाटेत मी त्यांचा लुळा हात धरून बसायचो. सेवाग्रामला खादीतले तरुण डॉक्टर दिसले, की माझं ऊर भरून यायचं. गांधी-शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, इथे वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथल्या मुलांना आरंभीच आश्रमात शिबिराला राहावं लागतं, खेडी दत्तक घ्यावी लागतात. त्या वातावरणात मलाही आपण त्यांच्यातलेच वाटू लागलो. परतताना मी मुद्दाम बजाज चौकातून यायचो. चौकात ओळखीचे लोक जास्त भेटतात. "कुठून आलात?" असं कोणी विचारलं की मी जडावलेल्या आवाजात सांगायचो, "गुरुजींना नेलं होतं. कोणीतरी करायला हवं ना!" त्या आठवड्यात हे वाक्य मी किती वेळा बोललो कोण जाणे, पण शुक्रवारी मला ते म्हणताना टाळ्यांसाठी थांबायची सवय लागली होती.

दुसऱ्या आठवड्यात लोकांनी विचारणं सोडलं. हा लोकांचा फार वाईट स्वभाव आहे. मदतीची बातमी शिळी झाली की मदत करणाऱ्यानं काय करायचं, याचा ते विचारच करत नाहीत. मोबाइल गटावरचे जोडलेले हातही सुटले होते. तिथे आता कोणाच्या तरी नातवाचं बारसं चाललं होतं. गुरुजींच्या हातात फरक नव्हता. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज तीच बोटं उघडायची, तीच मिटायची, तोच खांदा वर, तोच खाली. मी बाकावर बसून माझ्या अकरा रामरक्षा पुऱ्या करत असे. आरंभी एकीला आठ मिनिटं लागायची, आता मी चारवर आणली होती. तेवढीच काय ती प्रगती.

आणि मग तिसरा आठवडा आला.

संकटात सापडलेल्या माणसाचा खरा शत्रू कोण, असं मला आज कोणी विचारलं, तर मी दुष्टपणा म्हणणार नाही. दुष्ट माणसं मुळात थोडी असतात. खरा शत्रू म्हणजे तिसरा आठवडा. पहिल्या दिवशी सगळं गाव धावून येतं. घर जळालं तर बादल्या घेऊन येतात, माणूस गेला तर खांदा द्यायला येतात, दहा दिवस शेजारून पिठलं-भात येतो. पण संकट दहा दिवसांत जात नाही. ते मुक्कामाला आलेलं असतं. कपाशी बुडालेला शेतकरी, आजारपणानं अंथरूण धरलेली बाई, यांचं दुःख विसाव्या दिवशीही तेवढंच ताजं असतं. शिळा झालेला असतो तो आपला कळवळा.

त्या बुधवारी सकाळी पाऊस होता. पाऊस म्हणजे काही प्रलय नव्हता. छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडावा, एवढाच. मी काकूंना फोन केला. "काकू, पाऊस फार आहे. सेवाग्रामच्या रस्त्यावर पाणी असेल. आजच्या दिवस राहू द्या." काकू म्हणाल्या, "बरं बाबा." मी फोन ठेवला आणि खिडकीचा पडदा ओढायला गेलो, तो समोर बघतच राहिलो.

गुरुजी व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, एका पायात बूट चढवलेला. डाव्या हातानं काठी धरलेली. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. किती वेळ तसे बसले होते देव जाणे. काकू त्यांना वाकून काहीतरी समजावत होत्या आणि ते मान हलवत होते. तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षावाल्यानं माझ्या दाराकडे बघून हाक मारली, "काका, येऊन नाई राहिले काय? गुर्जी त तयार बसून हायेत!" मी पडद्याआड झालो. मग त्या गड्यानं एकट्यानं गुरुजींना पाठंगुळीला घेतलं, काकूंनी वर छत्री धरली आणि रिक्षा गेली. मी देवघरात जाऊन बसलो आणि रामरक्षेचं पुस्तक उघडलं. मला ती गेली पन्नास वर्षं पाठ आहे. पुस्तक उघडलं ते समोर काहीतरी धरायला.

ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मला फार ऐकू येतं.

त्या रात्री झोप येईना, आणि मला गुरुजींचाच एक धडा आठवला. या प्रसंगावर मी शाळेत दहापैकी सात गुण मिळवले आहेत. १९४६ च्या सुमाराची गोष्ट. विनोबा पवनारहून रोज खांद्यावर फावडं टाकून दोन-तीन मैलांवरच्या सुरगावला चालत जात. कशाला, तर लोकांनी रस्त्याकडेला केलेली घाण साफ करायला. प्रवचन नाही, सभा नाही. मैला उचलायचा, मातीखाली झाकायचा आणि परत यायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दीड वर्षाहून अधिक काळ. पावसाळ्यात एकदा वाटेतल्या नदीला पूर आला. पलीकडे जाता येईना. पलीकडच्या काठावर गावचा एक माणूस उभा होता. विनोबांनी त्याला ओरडून सांगितलं, की देवळात जा आणि देवाला सांग, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळे पोचू शकला नाही. माणूस हो म्हणाला. विनोबांनी विचारलं, काय सांगशील? तो म्हणाला, पुजाऱ्याला सांगतो, बाबाजी येऊन गेले. विनोबा म्हणाले, तसं नाही. पुजाऱ्याला नाही, देवाला सांगायचं. आणि बाबाजी नाही, सफाईवाला.

शाळेत मी या उत्तराखाली "यावरून विनोबांची स्वच्छतेची आवड दिसून येते" असं लिहिलं होतं. तीन गुण का कापले, ते मला त्या रात्री कळलं. जो माणूस नदीला पूर आहे हे दिसत असतानाही नदीपर्यंत जातो, त्याला कुठेतरी हजेरी द्यायची असते. मी पाऊस बघून घरूनच परतलो होतो, कारण माझी हजेरी घेणारे बजाज चौकात होते आणि पावसात चौकात कोणी नसतं. पहिल्या आठवड्यापासून मी सगळं पुजाऱ्यालाच सांगत होतो.

मग दत्तपूरही आठवलं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचं काम सुरू केलं. रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरचं ते नाव मी इतकी वर्षं वाचत आलो, पण त्या सालाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. १९३६ साली कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. ते पुढच्या दशकात आलं. म्हणजे आज जखम धुवायची, उद्या ती तशीच, परवा तशीच. सगळे आठवडे तिसरेच! सेवाग्रामला संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री १९३९ साली कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश करत. देशाचा एवढा कारभार डोक्यावर असलेल्या माणसाला मालीश करायला दुसरा कोणी मिळाला नसता, असं थोडंच आहे? पण सकाळची प्रार्थना जशी दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, तशीच ही गोष्ट त्यांनी धरली असावी. ही माणसं प्रार्थना करत होती की काम, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता, तर त्यांना तो कळलाच नसता असं मला वाटतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. आपल्या आईनं, आजीनं आपल्याला नित्यनेम शिकवला तो कशासाठी? सांज झाली की दिवा लावायचा; मन लागो न लागो. स्तोत्र म्हणायचं; फळ दिसो न दिसो. कोणी बघो न बघो. आम्ही समजलो, हे पुण्य साठवण्यासाठी आहे. मला वाटतं, ती तालीम होती. काही बदलत नसताना, कोणी वाहवा करत नसताना, तीच गोष्ट उद्या पुन्हा करायची तालीम. म्हणजे तिसऱ्या आठवड्याची तालीम! मी पन्नास वर्षं तालमीत जात होतो आणि कुस्तीच्या दिवशी घरी बसलो होतो.

शुक्रवारी मी सव्वानवालाच समोर गेलो. रिक्षावाला म्हणाला, "आले काय काका? म्हनलं, पुरात वाहून गेले का काय!" सुरगावची गोष्ट त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण नेम बरोबर लागला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी व्यायामाच्या मुलीनं सांगितलं, की आठवड्यातून तीन दिवस पुरत नाहीत. घरी रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं हे करायला हवं. काकूंच्या मनगटात तेवढी ताकद नव्हती. मी म्हणालो, "मी करतो." सकाळचं हिनं वाटून घेतलं, संध्याकाळी पाच माझ्याकडे आले. पण वीस मिनिटं मोजायची कशी? घड्याळाकडे बघितलं की वीस मिनिटांचा तास होतो. म्हणून मी रामरक्षा म्हणू लागलो. आता रामरक्षेची रचना तुम्हाला ठाऊक आहेच. त्या कवचात राम डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं रक्षण करतो. कपाळ, डोळे, कान, जीभ, कंठ, मग खांदे, भुजा, हात, आणि खाली गुडघे, पाय. म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की हा तर त्या मुलीच्या व्यायामाचाच तक्ता! मग खांद्यांची ओळ आली की खांदा फिरवायचा, हातांची आली की बोटं उघडायची, गुडघ्यांची आली की गुडघा. अर्थात चार मिनिटांचा माझा विक्रम मोडीत निघाला. एकेका ओळीवर थांबावं लागे. पन्नास वर्षांत मी पहिल्यांदाच रामरक्षा सावकाश म्हणत होतो.

सातव्या-आठव्या संध्याकाळी मी जिभेच्या ओळीवर अडखळलो. खरोखरच अडखळलो, भरधाव म्हणायची सवय झाली की सावकाश म्हणताना शब्द सापडत नाहीत. आणि पुढचे शब्द गुरुजींच्या तोंडून आले. अस्पष्ट, घोगरे, पण वृत्तात, एक मात्रा न चुकवता. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली.

मी दुसऱ्या दिवशी धावतपळत त्या मुलीला हा चमत्कार सांगितला. ती हसली. म्हणाली, यात चमत्कार नाही. नवीन वाक्य जुळवणं आणि लहानपणापासून पाठ असलेलं म्हणणं या मेंदूच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. एक वाट बंद पडली तरी दुसरी पुष्कळदा शाबूत राहते. "पाणी" मागता न येणारा रोगी गाणं, आकडे, प्रार्थना म्हणू शकतो. त्याचा उपचारात उपयोगही करतात. "म्हणत राहा," ती म्हणाली, "पण त्यांच्याबरोबर."

माझ्या नास्तिक मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, विज्ञानच खरं निघालं." मी म्हणालो, "बघ, रामरक्षाच उपयोगी पडली." वाद पुन्हा सुरू होणार, एवढ्यात त्यानं घड्याळ पाहिलं आणि उठला. मागून मला काकूंकडून समजलं, की हा गृहस्थ पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी सकाळी नऊला येऊन गुरुजींची दाढी करतो. एकही रविवार चुकला नाही आणि टपरीवर त्यानं कधी त्याचा उच्चार केला नाही. देव न मानणारा हा माणूस पुजाऱ्याला टाळून हजेरी कुठे लावत होता, ते मला ठाऊक नाही. बहुधा त्याचं त्यालाही नसेल. कोणाला नेम पाळायला देवाची गरज लागत नसेल. मला लागते. ज्याचा पाय लंगडा त्यानं काठीची लाज धरू नये.

याला आता दीड वर्ष झालं. गुरुजी काठीनं फाटकापर्यंत येतात. उजवा हात अजून तसाच आहे आणि बहुधा तसाच राहणार. देवानं काय केलं आणि व्यायामानं काय, याचा हिशेब मी सोडून दिला आहे. एकवीस दिवसांचा माझा संकल्पही कधी संपला ते कळलं नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. पाठ केलेलं सोडून स्वतःचा असा पहिला शब्द गुरुजी बोलले तो गेल्या दिवाळीच्या आसपास. काकूंना वाटत होतं, तो त्यांच्यासाठी असेल. मुलाला वाटत होतं, फोनवर त्याचं नाव घेतील. त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे होते. ते जाता जाईनात. धावत रस्ता ओलांडून मी व्हरांड्यात शिरलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली आणि ते स्वच्छ म्हणाले,

"उशीर."

साठी उलटलेला मी तिथे उभ्या उभ्या रडलो. शाळेत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता हे सगळं मी तुम्हाला सांगून बसलो, म्हणजे पुन्हा पुजाऱ्यालाच सांगितलं, हे माझ्या ध्यानात आलं आहे. जुनी खोड आहे, एका आयुष्यात जायची नाही. पण या लेखाचा शेवट नीट करायला आज मला वेळ नाही. पाचला पाच कमी आहेत, आणि बाहेर भुरभुर पाऊसही सुरू झाला आहे.